पाण्याचं प्रकरण: एका किशोर कादंबरीच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५

मागच्या पुस्तकाच्या वेळी कुठला प्रसंग का कापला आणि कुठली माहिती कुठून उचलली, हे सहा महिन्यांत मीच विसरले होते. म्हणून या वेळी पहिल्या दिवसापासून नोंदी.

कादंबरी दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. काळ जून १९२७ ते ऑक्टोबर १९२८. जागा परळ-नायगाव. एकाच म्युनिसिपल शाळेत मराठी चौथीत शिकणारी मुलं. गणू साचेवाल्याचा, म्हणजे गिरणीत माग चालवणाऱ्याचा मुलगा, मराठा. लखू रिंगखात्यातल्या, म्हणजे सूतकताईच्या खात्यातल्या कामगाराचा, महार. तिसरा बाळू, लखूला छळणारा. शाळा काल्पनिक, कुठल्याही खऱ्या शाळेवर बेतलेली नाही.

काळ हाच का घेतला? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. म्हणजे माझी गोष्ट सुरू होते तेव्हा या कागदाला चार वर्षं होत आलेली आहेत. आणि शाळेच्या ओसरीवर रांजण आहे, त्याला लखूने हात लावायचा नाही. शिपाई वरून ओतेल तेव्हा ओंजळीने प्यायचं. शिपाई जागेवर नसेल तर नाही प्यायचं.

सिद्धिविनायकाला जाणारे लोक एस. के. बोले मार्गावरूनच जातात. मीही शेकडो वेळा गेले असेन. हे बोले कोण, असं एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

२० जून

आत्याकडे नायगावला गेले. वय ८५, कान तिखट, गुडघे गेलेले. आजोबांची गिरणीतली माहिती हवी होती. आमच्या घरात आजोबा म्हणजे ‘साचेवाले’, आणि हा शब्द नेहमी जरा मान वर करून म्हटला जातो. साचेखात्यात पगार बरा, कसब लागायचं, संगमेश्वराहून आलेला पोरगा पाच-सहा वर्षांत दोन साचे सांभाळायला लागला, वगैरे. हे लहानपणापासून ऐकत आले आहे. गणूचा बाप मी आजोबांवरूनच घेतला आहे.

आत्या हातवारे करून सांगत होती. साचा चालू असताना धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, इकडून तिकडे पळतो, त्यातली सुताची कांडी संपते. मग साचा थांबवून नवी कांडी घालायची, आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर यायला हवं, म्हणून भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा. सुईत दोरा ओवण्यापेक्षा झटपट. दिवसातून कितीतरी वेळा. कापसाची धूळही तोंडात जायची. एकाच धोट्याला आज आजोबांचं तोंड, उद्या त्यांचा खाडा झाला की बदलीवाल्याचं.

मग त्याच दमात, चहाची बशी पुढे सरकवत: “तोंडाने ओढायचा ना धागा, म्हणून त्या लोकांना साचेखात्यात घेत नसत.”

मी वहीत लिहून घेतलं. कंडक्टर सुटे पैसे मागतो त्या सुरात तिने ते सांगितलं होतं, आणि मीही त्याच सुरात लिहून घेतलं. दादरला उतरले तेव्हा कुठे ते वाक्य मला ऐकू आलं.

२८ जून

आत्याचं वाक्य तपासून पाहिलं. दुर्दैवाने अगदी बरोबर आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण मुख्यतः रिंगखात्यात आणि कमी पगाराच्या कामांवर. साचेखातं त्यांना बंद. मालकाचा लेखी नियम असायची गरज नव्हती, बाकीचे साचेवालेच घेऊ देत नसत. कारण तेच, धोट्याला लागलेलं तोंड. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, की मजुरांच्या एकजुटीच्या गोष्टी करता, तर आधी हे दार उघडा.

संप एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. एका माणसाने दोनाऐवजी तीन-चार साचे सांभाळावेत, या नव्या पद्धतीचा राग त्यामागे होता.

आजोबांचा पगार बरा होता, तो अर्धं गाव रांगेतच उभं राहू दिलं नव्हतं म्हणूनही. याचा अर्थ त्यांना कसब नव्हतं असा नाही. पण हे दोन्ही एका वाक्यात लिहायला मला आठ दिवस लागले, आणि तरी ते वाक्य कादंबरीत नाही, फक्त इथे आहे.

आराखड्यात बदल: पाणी आणि धोटा ही दोन्ही सूत्रं एकाच गोष्टीत. शाळेतला रांजण मुलांसाठी, धोटा बापांसाठी.

६ जुलै

चुकांची साफसफाई. पहिल्या तीन प्रकरणांत मी गणूला वडापाव खायला दिला आहे! वडापाव १९६० च्या दशकातला. त्याच्या डब्यात, आणि लखूच्याही, आता भाकरी आणि सुकट. एके ठिकाणी ‘दहा पैशांची पेन्सिल’ आहे. रुपयाचे शंभर पैसे १९५७ पासून. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. विजेची लोकल ठेवायला हरकत नाही, ती ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला सुरू झाली. बसही चालेल, १९२६ ची. ट्रॅम हवीच.

गणू बीडीडी चाळीत राहतो. मी भराभर ‘लाकडी गॅलरीत कपडे वाळत होते’ असं लिहून टाकलं होतं. नायगावला आयुष्याची पहिली वीस वर्षं काढलेल्या बाईने ही चूक करावी? बीडीडीला बाहेरची गॅलरी नाहीच. काँक्रीटची तीन मजली इमारत, मधून अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, एका इमारतीत ८०. गॅलरी गिरगावातल्या चाळींना. सिनेमे पाहून पाहून स्वतःचं घरही विसरायला होतं.

‘दलित’ हा शब्द १९२७ च्या मुलांच्या तोंडी घालायचा नाही. ‘अस्पृश्य’, ‘बहिष्कृत’ हे त्या वेळच्या कागदांतले शब्द. लखूच्या घरी स्वतःबद्दल बोलताना काय म्हणतील? बहुधा नुसतं ‘आपले लोक’.

२७ जुलै

पाण्याचं प्रकरण झालं. अकरा पानं, एका बैठकीत. बाळू आणि त्याची टोळी लखूला रांजणापाशी अडवते, पाटी फोडते, शिपाई हसतो. तेवढ्यात गणू पुढे येतो, रांजणात ओगराळं (पाणी काढायचं लांब दांड्याचं भांडं) बुडवतो, स्वतःच्या हाताने लखूच्या ओंजळीत पाणी ओततो आणि उरलेलं त्याच ओगराळ्याला तोंड लावून पितो. सगळी शाळा गप्प. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी.

वाचताना माझ्याही डोळ्यांत आलं. फार छान जमलं आहे.

९ ऑगस्ट

नाही जमलेलं.

परळच्या एका वाचनालयात शनिवारी मुलं जमतात, बहुतेक सहावी-सातवीची. तेरा मुलं होती. प्रकरण वाचून दाखवलं. पाटी फुटते तिथे सगळी ताणून बसली, गणू पुढे आला तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी खूश.

मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “ताई, लखूला तहान लागली होती का?”

म्हटलं, लागली असणारच, म्हणून तर तो रांजणाकडे आला.

“पण तसं लिहिलं नाहीये.”

मी पानं चाळली. अकरा पानं पाण्यावर लिहिली होती आणि तहान हा शब्द एकदाही नव्हता. गणूच्या पोटात गोळा आला होता, गणूचे कान तापले होते, गणूच्या हाताला कंप होता. लखू ओंजळ धरून उभा होता. बस.

एका मुलाचं म्हणणं, “गणूला काय, घरी दोन फटके बसतील. लखूला दुसऱ्या दिवशी कोण सोडणार?” दुसऱ्याने विचारलं, मास्तर कशाला रडले, त्यांना आधी दिसत नव्हतं का.

तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाऊ वाटला आणि निघाले.

१० ऑगस्ट

काही लिहिलं नाही. संपादकबाईंचा फोन उचलला नाही. एल्फिन्स्टन हायस्कूलमधली हकीकत आठवत राहिले. छोट्या भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलं ते उचलायला धावली. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली आहे! आणि दर वेळी नजर धावणाऱ्या मुलांवर. खडू हातात घेऊन फळ्यापर्यंत गेलेल्या मुलाने ते गणित सोडवलं, इकडे लक्षच जात नाही.

२४ ऑगस्ट

ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेले होते. त्यांचे वडील त्याच काळात शाळेत होते, मुंबईत नाही, घाटावर. त्यांना पाणी देतानाचे किस्से विचारायला गेले होते. ते म्हणाले, “किस्सा काही नाही हो. वडील शाळेत पाणी प्यायचेच नाहीत. आजी सकाळी त्यांना खारट काही देत नसे. खारं, सुकं जे असेल ते रात्री.”

म्हणजे लखूच्या डब्यातली सुकट चुकली. गणूच्या डब्यात राहील. लखूच्या डब्यात भाकरी आणि गूळ, किंवा भाकरी आणि आदल्या दिवशीची अळणी भाजी. त्याची आई पहाटे मुलाची तहान मोजून डबा भरते. हे एका ओळीत यायला हवं, आणि लखूच्या तोंडून नको, कारण त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटणारच नाही. तो डबा उघडतो, शेजारच्या डब्यातल्या सुकटीचा वास येतो, एवढंच.

गेले दोन महिने मी खाद्यपदार्थाची ‘कालविसंगती’ तपासत होते आणि मीठ सुटलं होतं.

निर्णय: आता प्रकरणं एकाआड एक. एक गणूचं, एक लखूचं. पाण्याचं प्रकरण लखूकडे. आधीचं सगळं रद्द, सत्तर पानं.

१४ सप्टेंबर

बाळू. गेले दोन आठवडे याच्यावर अडले आहे.

माझा बाळू पहिल्या पानापासून दुष्ट होता, दात किडलेले, नाक वाहतं. छळणारा मुलगा असा ओळखू आला की वाचणारं मूल सुटतं. आपण काही असे नाही. नवा बाळू शाळेत सगळ्यांना आवडतो. लेझीम चांगली खेळतो. आजारी आईसाठी नळावर रांग लावतो. लखूला चिडवताना तो मुलांना हसवतो, आणि खरोखर हसू येतं, हीच अडचण आहे.

शिव्यांचा प्रश्न. संपादकबाई म्हणतात जातीवाचक शिवी मुलांच्या पुस्तकात नको, एखादं पोर ती उचलून वर्गात वापरेल. मी म्हटलं, गुळगुळीत केलं तर छळ म्हणजे नुसती खोडी वाटेल. दोघींचं पटलं ते असं: शिवी छापायची नाही, पण ती पडल्यावर कोण काय करतं ते सगळं लिहायचं. कोण खाली बघतं, कोण चप्पल शोधतं, कोण हसतं.

हसणाऱ्यांत मी होते. नववीत, दादरच्याच एका शाळेत. एका मुलीला फी माफ होती, तिला बाकीच्या ‘सरकारची जावई’ म्हणायच्या. जावई म्हणून एकीने तिला नारळ-पानाऐवजी पेन्सिल दिली होती, ते फार मजेशीर होतं. मी ओरडले नाही, ढकललं नाही, हसले फक्त. ती दहावीला बोर्डाच्या पेपरला माझ्या पुढच्या बाकावर होती, आणि मी तिच्याकडून रबर मागून घेतलं. तिने दिलं. हे कादंबरीत जसंच्या तसं येणार नाही. पण गणूला मी पहिल्या शंभर पानांत हसणाऱ्यांत ठेवलं आहे.

५ ऑक्टोबर

पाण्याचं प्रकरण पुन्हा, चौथ्यांदा.

तिसऱ्या खर्ड्यात लखू डॉ. आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारत’चा अंक खिशातून काढून मास्तरांना बोले ठराव वाचून दाखवत होता. पाक्षिक ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालं, तेव्हा तारीख जुळते, लखूच्या बापाकडे अंक असणंही शक्य आहे. पण दहा वर्षांचं पोर सभेत बोलल्यासारखं बोलत होतं. कापलं. अंक घरी राहिला. बाप रात्री शेजाऱ्यांना वाचून दाखवतो, लखू झोपेचं सोंग घेऊन ऐकतो. महाडला २० मार्चला लोक ओळीने चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, हे तो ऐकतो. मग सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं, हेही. त्याला त्यातलं एकच कळत नाही: दूध तळ्यात कशाला ओतलं? त्याच्या धाकट्या बहिणीला दूध मिळत नाही.

आता प्रसंग असा. शनिवार, सकाळची शाळा, उकाडा. आदल्या रात्री बहिणीला ताप म्हणून आईचं लक्ष नाही, डब्यात खारं गेलं आहे. लखूला तहान लागते. शिपाई जागेवर नाही. लखू ओगराळं उचलतो, पाणी घेतो, पितो. भाषण नाही. शिपाई येतो, आरडाओरडा, रांजण रस्त्यावर उपडा. मास्तर दोन छड्या मारतात आणि वर्गाकडे पाठ करून फळा पुसत राहतात, पुसलेलाच फळा. (मास्तरांना दिसत होतं. तिसऱ्या मुलाला हे उत्तर.) सोमवारी रांजण भरलेला. लखू पुन्हा पितो. या वेळी तहान लागलेली नाही.

गणूचं काय? तो तिसऱ्या दिवशी लखूच्या मागे जाऊन रांगेत उभा राहतो. पाणी पितो आणि वर्गात येतो. टाळ्या नाहीत, शाळा गप्प वगैरे काही नाही. अर्ध्या मुलांना ते दिसतही नाही. बाळूला दिसतं.

घरी आई गणूला दारातच उभं करते. १६० चौरस फुटांच्या खोलीत विटाळ झालेल्या मुलाला ठेवणार कुठे? बोळात. समोरच्या दारांतून सगळे बघतात. गोमूत्र शेजारणीकडून उसनं आणावं लागतं. हे लिहिताना मला हसू आलं, आणि ते मी ठेवलं.

गणूचा बाप कामावरून येतो. तो रागावत नाही. मुलाला शेजारी बसवून समजावतो, प्रेमाने, की आपण साचेवाले, धोट्याला तोंड लावतो, उद्या खात्यात कळलं तर माझ्या धोट्याला कोण तोंड लावेल? आणि मग आत्याचं वाक्य, शब्दाला शब्द. बाप चांगला आहे. तसाच ठेवला आहे.

२ नोव्हेंबर

दिवाळी आटपली. आत्याकडे चकल्या आणि दोन प्रकरणं घेऊन गेले. पुनर्विकासामुळे चाळीतले निम्मे लोक संक्रमण शिबिरात, काही इमारती पाडलेल्या, हिच्या इमारतीचा नंबर अजून यायचा आहे. सामान मात्र बांधून ठेवलेलं, मला ट्रंकेवर बसवलं.

वाचून दाखवलं. गोमूत्राच्या जागी ती हसली, म्हणाली, “आमच्या वेळेला तळमजल्यावर मिळायचं.” बापाच्या वाक्यापाशी माझा आवाज जरा उतरला. वाचून संपल्यावर ती बराच वेळ चकलीचे तुकडे करत बसली.

“हे मी बोलले होते ना?”

“हो.”

“मग बाबांच्या तोंडी का घातलंस?”

म्हटलं, आत्या, गोष्ट आहे ती, आजोबा म्हणजे आजोबाच असं नाही.

“ते काही नाही. बाबा असं बोललेले मी ऐकलं नाही कधी. करत असतील, बोलले नाहीत. बोलले मी. चहा पिता पिता बोलले.” मग थोड्या वेळाने, “आपल्या समोरच्या इमारतीत त्यांची वस्ती. चौऱ्याहत्तरात वरळीला आपली-त्यांची दंगल पेटली तेव्हा इकडेही सगळ्यांची दारं बंद. तिथली एक बाई माझ्याबरोबर शिवणाच्या वर्गाला होती. तिने दूध आणून दिलं होतं तुझ्यासाठी. दोन वर्षांची होतीस.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू साचेखात्याचंच विचारत होतीस.”

नाव विचारलं, तिला आठवेना. आडनाव आठवत होतं.

९ नोव्हेंबर

बापाचं वाक्य काढलं. आता तो नुसता धोटा हातात धरल्यासारखी मूठ करतो आणि तोंडाजवळ नेतो, गणूला कळतं. वाक्य गेलं गणूच्या आत्याकडे. ही आत्या आधी कादंबरीत नव्हती, तीन प्रकरणांत मागून शिरवावी लागली. ती चहा पिता पिता बोलते.

शेवटचं प्रकरण संपाचं. चुली थंड, दोन्ही घरांत सारखीच उपासमार, पण धान्य वाटपाच्या रांगेतही अंतर. ऑक्टोबर १९२८ मध्ये भोंगा वाजतो, गणूचा बाप साचेखात्यात जातो, लखूचा बाप रिंगखात्यात. साचेखात्याचं दार उघडलेलं दाखवावं का, असं संपादकबाईंनी विचारलं, मुलांना काहीतरी आशा हवी म्हणून. तेव्हा ते उघडलं नव्हतं. लखू पाचवीत जातो, एवढं आहे.

१८ डिसेंबर

चित्रं आली. चित्रकार तरुण आहे, हात फार सुरेख. बाळू हसरा, गोंडस, हवा तसा. मास्तरांची पाठ उत्तम. दोन दुरुस्त्या.

एक, चाळीला गॅलरी काढली आहे. (सिनेमे!) मधल्या बोळाचा फोटो पाठवला.

दोन, पान ८७, शिपाई लखूच्या ओंजळीत पाणी ओततो ते चित्र. ओगराळं चहाच्या गाळणीएवढं, आखूड दांड्याचं. त्याने कधी पाहिलेलं नसणार. त्यामुळे शिपायाची बोटं लखूच्या हाताला जवळजवळ लागताहेत, आणि चित्र मायेचं दिसतंय. फोनवर सांगितलं, दांडा निदान हातभर लांब हवा.

“एवढा? मग चित्राच्या चौकटीत शिपाई मावणार नाही,” तो म्हणाला.

नको मावू दे म्हटलं. नुसता दांडा येऊ दे वरून.